मे महिन्यातला भंडारदरा: धुरकट हवा, डोक्यावरचं ऊन आणि काजव्यांचे फोटो

मे महिन्यात कॅमेरा घेऊन सह्याद्रीत जायचं म्हटलं की हमखास ऐकू येतं, "आत्ता काय आहे तिथे? पावसाळ्यात जा." डोंगर करपलेले असतात, धबधबे आटलेले असतात, हवा धुरकट असते, हे सगळं खरं आहे. पण काजव्यांनी लगडलेलं झाड, मध्यरात्रीची आकाशगंगा, ओसरलेल्या धरणाचा भेगाळलेला तळ आणि वळवाचे ढग एकाच सहलीत मिळण्याचे दिवस हेच. पाऊस लागला की त्यातलं बहुतेक संपतं. अडचण एकच: दिवसातले फोटोला उपयोगी तास फार थोडे असतात. त्यामुळे गाडी कधी चालवायची, झोपायचं कधी आणि ट्रायपॉड कधी उघडायचा हे उजेडाकडे बघून आखावं लागतं. खाली भंडारदरा धरणाच्या परिसराचं उदाहरण धरलं आहे. मुंबईहून कसारा घाट, इगतपुरी, घोटीवरून आत वळायचं. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर. दोन्हीकडून चार-पाच तास धरा. पेट्रोल घोटीला किंवा राजूरला भरून घ्या, जलाशयाच्या पलीकडच्या गावांत त्याची सोय नाही.

तारीख चंद्रावरून ठरवा

काजवे साधारण मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसायला लागतात आणि पावसाने जोर धरेपर्यंत, म्हणजे जूनच्या मध्यापर्यंत असतात. कॅलेंडरात या काळातली अमावास्या शोधा. वद्य दशमीपासून अमावास्येपर्यंतचे दिवस सगळ्यांत चांगले, कारण चंद्र पहाटे उगवतो आणि काजवे व आकाशगंगा दोन्हींना पूर्ण अंधार मिळतो. अमावास्येनंतर पंचमीपर्यंत आकाशगंगेचं काम निभतं, पण संध्याकाळी चंद्र वर असल्याने काजव्यांची मजा कमी होते. पौर्णिमेच्या आसपास जाऊच नका. शनिवार-रविवारही टाळा, त्या दोन रात्री जलाशयाच्या रस्त्यावर गाड्यांची रांग असते आणि प्रत्येक हेडलाइट तुमची एक फ्रेम खातो.

दिवसाची आखणी

या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि सात वाजून पाच-दहा मिनिटांनी मावळतो. कामाचा उजेड पहाटे पावणेसहा ते आठ आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसात एवढाच. मेच्या मध्यावर महाराष्ट्राच्या या पट्ट्यात शून्य सावलीचे दिवस येतात, सूर्य दुपारी अक्षरशः डोक्यावर असतो. डोंगराच्या सोंडा-घळ्यांना सावलीच उरत नाही आणि फोटोत अख्खी रांग पुठ्ठ्याची कापून लावल्यासारखी दिसते. लेन्स कितीही भारी असली तरी दुपारी बाराचा डोंगर सपाटच येतो. त्या वेळेत जेवा, झोपा किंवा जागा हेरत फिरा.

जागा हेरताना एक चूक बहुतेकांची होते. डिसेंबरमध्ये कुणीतरी काढलेला सूर्यास्ताचा फोटो बघून तीच जागा धरली जाते. हिवाळ्यात सूर्य पश्चिमेच्या डावीकडे, नैर्ऋत्येच्या अंगाला मावळतो. मेअखेरीस तो पश्चिमेपासून वीस-बावीस अंश उत्तरेकडे सरकलेला असतो. फरक जवळजवळ पंचेचाळीस अंशांचा पडतो. सूर्य-चंद्राची दिशा नकाशावर दाखवणारं एखादं ॲप घरीच डाउनलोड करून ठेवा, त्या भागात रेंज भरवशाची नाही.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत शेंडी या धरणाकाठच्या गावी पोहोचून जलाशयाची एक फेरी मारा: मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी आणि परत शेंडी. थांबायच्या जागा, गाडी लावायला रस्त्याच्या बाहेर मोकळी जमीन कुठे आहे, काजव्यांचं झाड कोणतं, हे सगळं उजेडात बघून घ्या. शेंडीच्या काठावरून रतनगड नैर्ऋत्येला दिसतो, त्यामुळे त्यावर सकाळचं कोवळं ऊन समोरून पडतं. ही जागा पहाटेची. घाटघरचा कोकणकडा पश्चिमेकडे उघडा आहे, तो संध्याकाळचा. हा बराचसा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. नाक्यावर शुल्क भरा, आत जाण्या-येण्याच्या वेळा तिथेच विचारून घ्या आणि परवानगी नसेल तर ड्रोन घरी ठेवा.

धुरकट हवेशी झटापट करू नका

मे महिन्याची धूसर हवा म्हणजे धूळ, समुद्राकडून येणारा दमटपणा आणि वणव्यांचा, राब भाजल्याचा (भातरोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळल्याचा) धूर. दहा किलोमीटरवरचा डोंगर निळा-राखाडी दिसतो आणि वाइड, म्हणजे रुंद दृश्य घेणाऱ्या, लेन्सने काढलेल्या फोटोत तो पुसल्यासारखा होतो. उपाय लेन्स बदलण्यात आहे. वाइड काढून टाका, १०० ते ३०० मिलिमीटरची लेन्स लावा आणि सूर्याच्या बाजूलाच वळा. जवळची रांग काळी, मागची करडी, त्यामागची फिकट अशा एकामागे एक पायऱ्या मिळतात. ज्या धुराने वाइडचा फोटो बिघडवला, तोच इथे खोली देतो. सूर्य फ्रेमच्या जरा बाहेर ठेवा, लेन्स हूड लावा, एफ ८ (लेन्सच्या छिद्राचा आकडा, लहान आकडा म्हणजे मोठं छिद्र), आयएसओ १०० (सेन्सरची संवेदनशीलता), आणि एक्सपोजर, म्हणजे उजेडाचं माप, आकाशावरून घ्या. जवळची रांग पूर्ण काळी गेली तरी चालते.

टेलिफोटोला, म्हणजे अशा दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्सला, उन्हाळ्यात आणखी एक शत्रू आहे, तापलेल्या जमिनीवरची थरथरती हवा. सकाळी नऊनंतर डांबरी रस्त्यावरून किंवा सड्यावरून (उघड्या कातळाच्या पठारावरून) दूरचा फोटो काढला की फोकस अचूक असूनही कडा विरघळल्यासारख्या येतात. लेन्स बिघडली असं वाटतं, पण दोष हवेचा असतो. शटर वाढवून हा दोष जात नाही. टेलिफोटोची कामं सूर्योदयापासून दीड तासात उरका. शिवाय फोटो काढायचा असेल तेव्हा गाडीचं इंजिन बंद करा: कंपही थांबतो आणि बॉनेटवरून उठणारी गरम हवाही. खिडकीवर टेकवायला कापडी पिशवीत दीड-दोन किलो तांदूळ भरा, ती बीनबॅगचं काम चोख करते.

पोलरायझर (लेन्सपुढे लावायचा फिल्टर) धूर पुसत नाही, पण पानांवरची चकाकी काढतो आणि आकाश गडद करतो. त्याचा परिणाम सर्वांत जास्त होतो सूर्याशी काटकोनात असलेल्या दिशेला, म्हणजे सकाळ-संध्याकाळ उत्तर-दक्षिणेकडे बघताना. २४ मिलिमीटरपेक्षा वाइड लेन्सवर निरभ्र आकाशात तो वापरला की आभाळाच्या मधोमध गडद पट्टा येतो. तिथे काढून ठेवा. प्रकाश दीड-दोन स्टॉप कमी होतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) हे लक्षात ठेवा. घरी एडिट करताना डिहेझचा (धूसरपणा कमी करणारा) स्लायडर १० ते २५ च्या पुढे नेऊ नका, नाहीतर आकाशाला डाग पडतात आणि डोंगर जांभळे होतात.

दुपार वाया जात नाही: उभा दगड आणि आडवा दगड

डोक्यावरचं ऊन डोंगराला मारक असलं तरी उभ्या भिंतीवरच्या कोरीवकामाला तेच लागतं. रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर काळ्या दगडाचं आहे, नक्षी बारीक आहे. बारा-साडेबाराला ऊन भिंतीला घासून खाली उतरतं आणि प्रत्येक उठावाखाली सावलीची बारीक रेघ उमटते. सकाळी समोरून ऊन पडलं की तीच नक्षी सपाट दिसते. काळा दगड फ्रेमभर असेल तर कॅमेरा एक्सपोजर वाढवून दगड राखाडी करतो, म्हणून एक्सपोजर कॉम्पेन्सेशन उणे ०.७ ते उणे १ द्या. काम अर्ध्या-पाऊण तासात संपवा, दगडाचा चटका अंगाला लागतो.

याच्या नेमकं उलट गणित कोकणातल्या कातळशिल्पांचं. रत्नागिरीकडे उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे इथली चित्रं आडव्या जांभ्यावर कोरलेली आहेत. त्यांना जमिनीला टेकलेलं सकाळचं पहिलं किंवा संध्याकाळचं शेवटचं ऊन हवं. दुपारी तिथे उभं राहिलं तरी रेषा धड दिसत नाहीत. सहल खाली कोकणात वळवणार असाल तर हे ध्यानात ठेवूनच निघा.

वाटेत बहावा फुललेला असेल तर झाडाखाली जा आणि वर बघून, ऊन मागून येईल असं काढा. पिवळा रंग फसवा असतो: एकूण हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ठीक दिसतो पण त्यातला लाल रंगाचा चॅनल मर्यादेबाहेर उडालेला असतो आणि पाकळ्यांचा नुसता पिवळा गोळा होतो. उणे ०.७ पासून सुरुवात करून चॅनलवार हिस्टोग्राम बघा.

ओसरलेल्या पाण्याचा काठ

धरणाचं पाणी खाली गेलं की काठावर भेगाळलेल्या मातीचे पट्टे उघडे पडतात. फुल-फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) १६ मिलिमीटर, एफ ११, कॅमेरा जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर आणि फोकस साधारण एक मीटरवर ठेवला की समोरच्या भेगेपासून मागच्या रतनगडापर्यंत सगळं स्पष्ट येतं. २४ मिलिमीटरला हाच फोकस पावणेदोन ते दोन मीटरवर न्या. फोकस थेट डोंगरावर केला तर पुढच्या भेगा मऊ पडतात. वाइड लेन्सच्या फोटोत सगळ्यांत जास्त होणारी चूक हीच.

गाळाची भीती मात्र खरी आहे. वरून वाळलेला दिसणारा थर आत लोण्यासारखा असू शकतो. पाण्याकडे जाताना गुरांच्या खुरांचे ठसे बघत चला. ठसा चार बोटांहून खोल जायला लागला की तिथूनच मागे फिरा. ओल्या, चमकणाऱ्या, गडद पट्ट्यावर पाय ठेवू नका, आणि एकट्याने तर मुळीच उतरू नका.

काजवे

काजव्याचा उजेड हे जोडीदाराला घातलेलं बोलावणं आहे. टॉर्च, फ्लॅश, हेडलाइट यांत ते बुडालं तर मीलनच होत नाही, आणि पंख फुटल्यावरचं त्यांचं आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचं. त्यामुळे पांढरा उजेड न पाडणं हा पहिला नियम. टॉर्चवर लाल जिलेटिन कागदाचे दोन-तीन पदर रबराने बांधा, तीही जमिनीकडेच धरा. गावातला वाटाड्या सोबत घ्या. झाडं त्याला माहीत असतात आणि तुम्ही कुणाच्या शेतात शिरत नाही. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे गर्दी करतात.

क्रम असा ठेवा.

१. सहापर्यंत झाडापाशी पोहोचा. झाडाच्या मागे थोडं आकाश दिसेल आणि फ्रेममध्ये गावातला एकही दिवा येणार नाही अशी जागा धरा. रस्त्यापासून दूर, हेडलाइट पोहोचणार नाही अशा बाजूला ट्रायपॉड लावा, पाय जमिनीत दाबून घ्या. लेन्स १६ ते ३५ मिलिमीटरमधली, मोठ्या छिद्राची.

२. उजेड आहे तोवर खोडावर ऑटोफोकस करा, लगेच मॅन्युअलवर टाका आणि फोकस रिंगवर चिकटपट्टी लावा. अंधार पडल्यावर फोकस मिळत नाही.

३. सूर्यास्तानंतर २५-३० मिनिटांनी पार्श्वभूमीची फ्रेम घ्या: एफ ४, आयएसओ ४००, ४ ते ८ सेकंद. अशा चार-पाच घेऊन ठेवा. झाडाचा आकार आणि निळं आकाश यातूनच येणार आहे. यानंतर ट्रायपॉडला हात लावायचा नाही.

४. फोकस मदतीचा दिवा सेटिंगमधून बंद करा, स्क्रीन बंद करा, कार्ड लिहिताना लुकलुकणाऱ्या लाल दिव्यावर काळी टेप लावा.

५. पावणेआठ-आठनंतर काजवे सुरू होतात. एफ १.८ ते २.८, आयएसओ १६००, १५ ते २० सेकंद, व्हाइट बॅलन्स ४००० केल्विनवर पक्का, रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल. रिमोट लॉक करून सलग ३० ते ४५ मिनिटं फ्रेम घेत राहा. लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन बंदच हवं, ते चालू असेल तर प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडकून बसतो.

इथली मुख्य गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. काजव्याचा ठिपका किती तेजस्वी येणार हे शटरच्या वेळेवर अवलंबून नाही. तो क्षणभरच लुकलुकतो, म्हणून त्याचं तेज ठरतं छिद्रावर आणि आयएसओवर. एफ ५.६ वर दोन मिनिटं उघडं ठेवलंत तर आकाश उजळेल, ठिपके मंदच राहतील. शटर लांबवल्याने फक्त ठिपक्यांची संख्या वाढते.

कॅमेरा चालू करून दिलात की मान वर करा. गर्दीचं झाड असेल तर एका फांदीवर लुकलुक सुरू होते, शेजारची फांदी तिला धरते आणि उजेडाची लाट झाडाच्या एका अंगाकडून दुसऱ्या अंगाला जाते. मग सगळं झाड एकदम विझतं आणि दोन श्वासांनी पुन्हा पेटतं.

घरी आल्यावर पार्श्वभूमीची फ्रेम खाली ठेवा आणि वरच्या फ्रेम एडिटिंग सॉफ्टवेअरच्या लाइटन मोडमध्ये (जिथे जे उजळ तेच ठेवणाऱ्या) चढवा. वीस ते चाळीस पुरतात. शंभर चढवल्या तर झाड दिसतच नाही, हिरव्या-पिवळ्या ठिपक्यांचा चिखल होतो. गाडीचा किंवा टॉर्चचा उजेड आलेली फ्रेम सरळ काढून टाका. वाऱ्याने फांद्या हलल्या असतील तरी चिंता नाही, झाड एकाच फ्रेममधून घेतलेलं आहे. ठिपके गोल बिंदूंऐवजी वाटोळ्या चकत्या दिसत असतील तर फोकस झाडावर नसून अनंतावर गेला होता असं समजा. मोबाइलच्या नाइट मोडमध्ये काजवे बरेचदा गायब होतात, कारण तो अनेक फ्रेमची सरासरी काढतो आणि एकाच फ्रेममध्ये दिसलेला ठिपका कचरा समजून पुसतो. प्रो मोडमध्ये आयएसओ १६००, १५-३० सेकंद ठेवा आणि फोन ट्रायपॉडवर लावा.

रात्री अकरानंतर

मेअखेरीस आकाशगंगेचा मध्यभाग रात्री नऊच्या सुमारास आग्नेयेला उगवतो, पण क्षितिजालगतच्या धुरात दिसत नाही. साडेदहा-अकरापर्यंत तो वर येतो आणि दोनच्या सुमारास दक्षिणेला सर्वांत उंच, साधारण बेचाळीस अंशांवर असतो. एफ २.८, आयएसओ ३२००, फुल-फ्रेमवर १६ मिलिमीटरला २० सेकंद. लहान सेन्सरला १२-१३. त्यापुढे ताऱ्यांच्या रेघा होतात. फोकस एखाद्या ठळक ताऱ्यावर, लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून, हाताने. अंतराच्या रिंगवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका. उन्हाळ्यात रात्रीही सेन्सर गरम राहतो आणि लाल-निळे ठिपके जास्त येतात, म्हणून शेवटी झाकण लावून त्याच सेटिंगवर चार-पाच काळ्या फ्रेम घ्या. एडिट करताना त्यांचा ठिपके वजा करायला उपयोग होतो.

उन्हापासून सामान

बंद गाडीत कॅमेरा, बॅटऱ्या, पॉवर बँक ठेवून जेवायला जाऊ नका. नाइलाज असेल तर बॅग सीटखाली सावलीत, वर पांढरी चादर. एसी गाडीतून किंवा खोलीतून थेट बाहेर आलात की दमट हवेत लेन्स धुकटते आणि पुसली की पुन्हा धुकटते. निघण्याआधी अर्धा तास बॅग चेन न उघडता बाहेरच्या हवेत ठेवा. प्रवासात बॅगवर एसीचा झोत नको. कड्यावर वारा असतो. ट्रायपॉडची सर्वांत बारीक नळी बाहेर काढू नका आणि बॅग टांगलीत तर ती जमिनीला टेकेल अशी टांगा, नाहीतर ती झोके घेते आणि फोटो हलतो. माणशी चार लिटर पाणी सोबत हवं.

वळीव आला तर

दुपारी तीन-चारला पश्चिम नाहीतर पूर्व अंगाला फुलकोबीसारखे ढग चढायला लागले की संध्याकाळचा बेत बदला. ऊन ढगाखालून येऊन डोंगरावर पडतं तेव्हा मे महिन्यातले सर्वांत जोरकस रंग मिळतात, पण ती वेळ पाच-दहा मिनिटांची असते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा. तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर. तीसच्या आत आकडा आला की कड्यावरून, सड्यावरून, झाडाखालून निघा आणि काचा लावून गाडीत बसा. उघड्यावर धातूचा ट्रायपॉड धरून उभं राहायची ही वेळ नाही. विजेचा फोटो काढायचाच तर वादळ लांब सरकल्यावर, अंधारात: एफ ८, आयएसओ २००, १५ सेकंद, एकामागून एक.

आणि त्या रात्री गजर पाचचा लावा. वळीव पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशीची पहाट अख्ख्या मे महिन्यातली सर्वांत स्वच्छ असते. धूळ बसलेली, दगड काळेभोर, दरीत धुक्याचे पुंजके. सात दिवस राखाडी दिसलेली अलंग-मदन-कुलंग किल्ल्यांची रांग घाटघरकडून कड्या-कपारीसकट मोजता येते. आता वाइड लेन्स लावा. ऊन चढून जमीन पुन्हा तापायला लागेपर्यंत, म्हणजे साधारण नऊपर्यंत, तुमच्या हातात वेळ आहे.